यजमान नसलेली यात्रा

अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून एखादे मोठे पर्यटक जहाज सुटते. त्यावरील हजारो उतारूंत पन्नास-शंभर जणांचा एक गट सहज वेगळा ओळखू येतो. गळ्यात नावाची पट्टी, हातात बायबल आणि सोबत आपल्या गावच्या चर्चचा धर्मोपदेशक. सकाळी जहाजावरच्या एखाद्या सभागृहात प्रार्थना, मग बंदरात उतरून बसने प्राचीन अवशेषांचे दर्शन, सायंकाळी परत जहाजावर भोजन आणि रात्री दुसऱ्या दिवशीच्या स्थळाविषयी प्रवचन. असा आठ-दहा दिवसांचा क्रम असतो. 'पौलाच्या पावलांवरून' अशा अर्थाचे काहीतरी नाव या सहलीला दिलेले असते. फिलिप्पै, थेस्सलनीका, बिरुया, अथेन्स, करिंथ, इफिस, पात्म बेट, ऱ्होड्स, क्रीट आणि वेळ व पैसा असेल तर पुढे माल्टा व रोम. ऑक्टोबर २०२३ मध्ये इस्रायल आणि हमास यांच्यात युद्ध पेटल्यावर हैफा व अश्दोद ही बंदरे अनेक जहाज कंपन्यांनी आपल्या मार्गांतून वगळली. जेरुसलेमचा हा रस्ता बंद झाल्यावर बायबलमधील भूमी समुद्रमार्गे पाहू इच्छिणाऱ्यांना प्रामुख्याने ग्रीस आणि तुर्कस्तान यांचाच आधार उरला.

तरणतलाव, नाचगाणी आणि पंचपक्वान्ने यांच्या संगतीत कसली आली आहे यात्रा, असा प्रश्न आपल्याकडच्या वाचकाच्या मनात प्रथम येईल. आम्हाला मात्र या प्रश्नाची घाई नाही. वातानुकूलित बसमधून चारधाम उरकणारे आणि हेलिकॉप्टरने केदारनाथाला टेकून दुपारच्या जेवणाला परत येणारे आपण कोणत्या तोंडाने हसणार? ठरावीक संख्येने यात्रेकरू जमविणाऱ्या धर्मोपदेशकाचा स्वतःचा प्रवास फुकट होतो, ही त्या व्यवसायातील रीत आहे. आपल्याकडे यात्रा कंपन्यांसाठी मंडळी गोळा करणाऱ्या गृहस्थांनाही ती अपरिचित नाही. सुखसोयी हा या विषयाचा वरवरचा भाग आहे. आमचे म्हणणे निराळेच आहे आणि ते सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

अशा सामूहिक समुद्रयात्रेचा इतिहास दीडशे वर्षांहून जुना आहे. ८ जून १८६७ रोजी 'क्वेकर सिटी' नावाची आगबोट न्यूयॉर्कहून निघाली. ब्रुकलिनच्या प्लिमथ चर्चच्या मंडळींच्या पुढाकाराने ही सफर आखली गेली होती आणि भाडे होते माणशी १२५० डॉलर, म्हणजे त्या काळी एक लहानसे घर उभे राहील इतकी रक्कम. त्या चर्चचे विख्यात धर्मोपदेशक हेन्री वॉर्ड बीचर स्वतः येणार अशी जाहिरात होती, प्रत्यक्षात ते आलेच नाहीत. त्यांच्याऐवजी त्या बोटीवर वृत्तपत्रासाठी पत्रे लिहिणारा मार्क ट्वेन नावाचा एक तरुण होता. त्या पत्रांतून १८६९ मध्ये जे पुस्तक तयार झाले, त्यात सहप्रवासी भाविकांची त्याने मनसोक्त थट्टा केली. पवित्र स्थळांचे टवके हातोड्याने काढून खिशात घालणारे हे यात्रेकरू त्याच्या लेखणीतून सुटले नाहीत. त्याच १८६९ मध्ये थॉमस कुक या इंग्रज गृहस्थाने पॅलेस्टाइन आणि इजिप्तची पहिली सहल नेली. हा कुक मुळात बाप्टिस्ट पंथाचा प्रचारक आणि दारूबंदीचा कार्यकर्ता. आज जगभर पसरलेल्या सहल-व्यवसायाच्या मुळाशी धर्मप्रचारकाची खटपट आहे, ही गंमत आपल्याकडे फारशी ठाऊक नसते.

आता ज्याच्या पावलांवरून ही मंडळी जातात, त्या पौलाकडे वळू. बायबलच्या नव्या करारात 'प्रेषितांची कृत्ये' नावाचे पुस्तक आहे. त्यात पौलाचे प्रवास इतक्या तपशिलाने दिले आहेत की प्राचीन काळातील नौकानयनाचे अभ्यासकही ते बारकाईने वाचतात. कैदी म्हणून रोमला नेले जात असताना तो ज्या धान्यवाहू जहाजावर होता, त्यावर २७६ माणसे होती. क्रीट बेटाजवळ वादळाने जहाज पकडले. चौदा दिवस ते भरकटले, वजन हलके करण्यासाठी गहू समुद्रात फेकावा लागला आणि अखेर माल्टाच्या किनाऱ्यावर ते फुटले. आजच्या जहाजावर वातानुकूलित दालनात बसून हा अध्याय वाचणाऱ्या भाविकाला तो थरार जाणवत असेल, नाही असे नाही.

परंतु या पुस्तकात वादळाहून अधिक लक्षात राहते ती दुसरीच एक गोष्ट, घरे. पौल जेथे जातो तेथे तो कोणाच्या तरी घरी उतरतो. फिलिप्पै येथे लुदिया नावाची बाई त्याला आग्रहाने घरी नेते. ती मूळची आशियातील थुवतीरा गावची, जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी. थेस्सलनीकेत यासोन त्याला आसरा देतो आणि त्या अपराधासाठी जमाव यासोनालाच ओढत अधिकाऱ्यांपुढे नेतो, जामीन घेतल्यावर सोडतो. करिंथमध्ये अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे जोडपे भेटते. रोममधून यहुद्यांना हाकलले तेव्हा तेही बाहेर पडलेले, धंद्याने तंबू करणारे. पौलाचाही धंदा तोच, म्हणून तो त्यांच्याकडे राहतो आणि त्यांच्यासोबत कामाला बसतो. माल्टात भिजून कुडकुडणाऱ्या त्या सर्वांसाठी तेथील अनोळखी रहिवासी शेकोटी पेटवितात आणि बेटाचा प्रमुख पुब्ल्य तीन दिवस पाहुणचार करतो. पौलाच्या साऱ्या भ्रमंतीचा नकाशा काढायचा तर तो बंदरांचा निघणार नाही, यजमानांचा निघेल.

आणि त्याच्या पावलांवरून जाणारे जहाज? ते आपले घर, आपले स्वयंपाकघर, आपले प्रार्थनास्थळ आणि आपला धर्मोपदेशक बरोबर घेऊन येते. त्याला कोणाच्या दारात उभे राहावे लागत नाही. म्हणूनच त्या दारामागे आता कोणी राहत नाही, हे त्याच्या ध्यानात यायला फारसा वाव उरत नाही.

इफिसचेच पाहा. जहाज तुर्कस्तानातील कुशादासी बंदराला लागते. तेथून बसने अर्ध्या तासाच्या आत भाविक इफिसच्या दारात पोहोचतात. संगमरवरी फरसबंदीचा रस्ता, सेल्ससच्या ग्रंथालयाची ऑस्ट्रियन पुरातत्त्वज्ञांनी १९७० च्या दशकात पुन्हा उभी केलेली दुमजली दर्शनी भिंत आणि सुमारे चोवीस हजार माणसे बसतील असे डोंगर कोरून केलेले नाट्यगृह. या नाट्यगृहात गट थांबतो आणि धर्मोपदेशक देमेत्रिय नावाच्या सोनाराची कथा वाचतो. पौलाच्या शिकवणुकीमुळे अर्तमी देवीच्या चांदीच्या देव्हाऱ्यांचा धंदा बसणार, या भीतीने देमेत्रियाने कारागिरांना चेतविले आणि सारे शहर या नाट्यगृहात जमून दोन तास देवीचा जयघोष करीत राहिले. कथा संपते, छायाचित्रे निघतात आणि मंडळी दुसऱ्या दाराने बाहेरच्या बाजारात उतरतात. 'अस्सल नकली घड्याळे' अशी इंग्रजी पाटी या बाजारात वर्षानुवर्षे प्रवाशांचे मनोरंजन करीत आली आहे. त्यानंतर एखाद्या गालिच्याच्या किंवा चामड्याच्या दुकानात सक्तीचा चहा आणि जहाजाचा भोंगा व्हायच्या आत परत. चार तासांत इफिस संपते.

आम्हाला या नाट्यगृहातील दुसऱ्या आवाजाविषयी बोलायचे आहे. दोन तास जयघोष करणारे ते हजारो लोक कोण होते? त्या कथेत ते धंदेवाईक आणि भडकलेला जमाव म्हणून येतात. तसे काही असतीलही. परंतु ज्या देवीचा ते जयघोष करीत होते, तिचे मंदिर जगातील सात आश्चर्यांपैकी एक होते. रोमन लेखक प्लिनी त्याचे १२७ खांब मोजतो. आज त्या जागी एका दलदलीत तुकडे जुळवून उभा केलेला एकुलता एक खांब आहे आणि त्याच्या माथ्यावर करकोचे घरटे करतात. तिसऱ्या शतकात गॉथ टोळ्यांनी मंदिर लुटले आणि जाळले. चौथ्या शतकाच्या अखेरीस रोमन सम्राट थिओडोसियसने जुन्या देवदेवतांची पूजाच बंद केली. उरलेल्या दगडांतून इतर इमारती उठल्या. जॉन टर्टल वुड नावाच्या इंग्रज अभियंत्याने १८६९ मध्ये चिखलाखालून पाया शोधून काढला, तेव्हा हाती लागलेली शिल्पे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेली. १९५६ मध्ये इफिसच्या नगरसभागृहाच्या अवशेषांत उत्खनन चालू असताना अर्तमीची एक सुंदर मूर्ती जमिनीखाली जपून पुरलेली सापडली. आज ती जवळच्या सेल्चुक गावच्या संग्रहालयात उभी आहे. आक्रमणाच्या काळात आपला विठोबा गावोगाव लपवून ठेवावा लागला, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्या पुरणाऱ्या हातांची ओळख पटायला हरकत नाही. फरक इतकाच की विठोबाला परत आणायला माणसे उरली होती.

हे ख्रिस्ती भाविकांना डिवचण्यासाठी लिहिलेले नाही. त्यांच्यावर पुढे जे कोसळले, तेही याच मातीत कोसळले.

नव्या कराराच्या शेवटी 'प्रकटीकरण' नावाचे पुस्तक आहे. पात्म बेटावर हद्दपारीत असलेल्या योहानाला झालेल्या दृष्टान्तांचे ते वर्णन. त्यात आशियातील सात मंडळ्यांना सात निरोप आहेत: इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया आणि लावदिकीया. या सात मंडळ्या सात सोन्याच्या दिव्यांच्या रूपाने दिसतात. मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी या ठिकाणी 'समई' हा शब्द योजला आणि भूमध्य समुद्रावरची ती प्रतिमा एका शब्दात आपल्या देवघरात आणून ठेवली. इफिसच्या मंडळीला त्या निरोपात इशारा आहे की पहिली प्रीती तू सोडलीस. वळला नाहीस तर तुझी समई तिच्या जागेवरून हलविली जाईल.

ही सातही गावे आजच्या तुर्कस्तानात आहेत. इफिसचे बंदर नदीच्या गाळाने बुजले, समुद्र कित्येक किलोमीटर मागे हटला आणि शहर ओस पडले. पर्गम म्हणजे बेर्गामा, थुवतीरा म्हणजे आख्हिसार, फिलदेल्फिया म्हणजे आलाशेहिर. सार्दीस आणि लावदिकीया हे अवशेषच आहेत. स्मुर्णा म्हणजे इझमिर, तुर्कस्तानातील तिसरे मोठे शहर. 'क्वेकर सिटी' बोटीचे यात्रेकरू १८६७ मध्ये स्मुर्णेला उतरले, तेव्हा ते ग्रीक, आर्मेनियन, यहुदी आणि तुर्क अशा सर्वांचे भरभराटीचे शहर होते. ख्रिस्ती वस्ती इतकी मोठी की तुर्क लोक त्याला 'काफिर इझमिर' म्हणत. आपल्या धर्मग्रंथातील भविष्य येथे खरे ठरले, असे सहप्रवासी एकमेकांना सांगत होते आणि मार्क ट्वेन त्यांची टर उडवीत होता. त्यानंतर पंचावन्न वर्षांनी, सप्टेंबर १९२२ मध्ये, ग्रीक सैन्याचा पराभव झाल्यावर मुस्तफा केमालचे सैन्य शहरात शिरले आणि चार दिवसांनी आग लागली. ग्रीक आणि आर्मेनियन वस्त्या जळून गेल्या. लाखो माणसे बंदराच्या धक्क्यावर अडकली. मागे आग, पुढे पाणी आणि पाण्यात ब्रिटन, फ्रान्स, इटली, अमेरिका या ख्रिस्ती राष्ट्रांच्या युद्धनौका. त्या तटस्थ होत्या. आरंभी त्यांना केवळ स्वतःच्या नागरिकांना उचलण्याची आज्ञा होती.

पुढे जानेवारी १९२३ मध्ये लोझान येथे करार झाला. तुर्कस्तानातील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसला आणि ग्रीसमधील मुसलमान तुर्कस्तानला, अशी सक्तीची अदलाबदल ठरली. इस्तंबूल आणि पश्चिम थ्रेस एवढे अपवाद. सुमारे १२ लाख ख्रिस्ती, ज्यांतील बहुतेक आधीच पळून आलेले होते, आणि साडेतीन ते चार लाख मुसलमान आपल्या मुळांपासून उखडले गेले. भाषा पाहिली गेली नाही, केवळ धर्म पाहिला गेला. कापाडोक्यातील तुर्की बोलणारे ख्रिस्ती, ज्यांना ग्रीकचे अक्षर येत नव्हते, ग्रीसला गेले. क्रीटमधील ग्रीक बोलणारे मुसलमान तुर्कस्तानला आले. भारताच्या फाळणीची चर्चा सुरू झाली तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४० मध्ये 'थॉट्स ऑन पाकिस्तान' या ग्रंथात याच उदाहरणाकडे बोट दाखविले होते आणि लोकसंख्येची अदलाबदल नीट योजनेने करता येते, असे मांडले होते. त्यांचे ऐकले गेले नाही. आपल्याकडे योजनेविनाच जे घडायचे ते घडले. लोझानची योजनाही किती रक्ताने आणि अश्रूंनी भिजलेली होती, हे मात्र इझमिरच्या धक्क्यावरून पाहावे.

विसाव्या शतकाच्या आरंभी आजच्या तुर्कस्तानच्या भूमीत ख्रिस्ती लोकांचे प्रमाण सुमारे एक पंचमांश होते. आर्मेनियनांचा १९१५ पासूनचा संहार, लोझानची अदलाबदल आणि १९५५ च्या सप्टेंबरात इस्तंबूलच्या ग्रीकांवर झालेला हल्ला यांनंतर आज ते अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे.

समई जागेवरून हलविली जाईल, असा इशारा होता. ती अक्षरशः हलविली गेली. कोठे गेली, हे पाहायचे असेल तर जहाज ज्या अथेन्सहून सुटते त्याच शहराच्या उपनगरांत जावे: नेआ स्मिर्नी, नेआ इओनिया, नेआ फिलाडेल्फिया. 'नेआ' म्हणजे नवी. निर्वासितांनी आपल्या गावांची नावे बरोबर आणली. फुटबॉलचे दर्दी ज्या 'एईके अथेन्स' संघाला ओळखतात, तो १९२४ मध्ये इस्तंबूलहून आलेल्या निर्वासितांनी काढला. त्याचे मैदान नेआ फिलाडेल्फियातच आहे. ट्रॅबझोनजवळच्या सुमेला मठातील भिक्षूंनी १९२३ मध्ये निघताना मेरीमातेची पूजनीय प्रतिमा एका लहान देवळाच्या जमिनीत पुरली. १९३१ मध्ये दोन्ही सरकारांच्या संमतीने एक भिक्षू परत गेला, त्याने ती उकरून ग्रीसला आणली आणि आज ती वेरिया शहराजवळच्या डोंगरात नव्या सुमेला मठात आहे. हे वेरिया म्हणजेच बायबलमधील बिरुया. जहाजाच्या गटाची बस तेथे येते, पौलाने जेथून प्रवचन केले असे मानतात त्या पायऱ्यांपाशी थांबते, आणि समोरच्या डोंगराकडे बहुधा कोणी बोट दाखवीत नाही. हे सारे आमच्या उल्हासनगरच्या वाचकांना समजावून सांगायला नको. कल्याणच्या छावणीत उतरून झुलेलालची ज्योत पुन्हा लावणाऱ्यांना 'नेआ' या शब्दाचा अर्थ शब्दकोशात शोधावा लागत नाही.

पौलाचे आणखी एक यजमानकूळ होते, ते तर सर्वांत आधी विसरले जाते. तो प्रत्येक गावी प्रथम सभास्थानात, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनागृहात जाई. थेस्सलनीकेत तो तीन शब्बाथ तेथे बोलला. पुढे स्पेनमधून हाकललेल्या यहुद्यांनी हे शहर इतके भरले की शतकानुशतके शब्बाथच्या दिवशी बंदराचे काम थांबे. १९४३ मध्ये नाझींनी तेथील ४५ हजारांहून अधिक यहुदी आगगाड्यांत भरून ऑशविट्झला पाठविले. त्यांचे विशाल दफनस्थान त्याआधीच उद्ध्वस्त करण्यात आले होते. त्या जागेवर आज विद्यापीठ आहे.

यात्रेकरूंनी तुर्कस्तानात जिवंत ख्रिस्ती समाज शोधायचाच म्हटले तर तो अगदीच नाही असे नाही. इफिसजवळच्या डोंगरावर मेरीमातेचे म्हणून दाखविले जाणारे एक दगडी घर आहे. १८९१ मध्ये स्मुर्णेच्या धर्मगुरूंनी ते शोधले आणि तीन पोप तेथे येऊन गेले. तेथे प्रार्थना चालते आणि मुसलमान बायकाही नवसाच्या चिंध्या बांधतात. जेथे शिष्यांना 'ख्रिस्ती' हे नाव प्रथम मिळाले, त्या अंत्युखियात, म्हणजे अंताक्यात, अरबी बोलणारा ऑर्थोडॉक्स समाज आजही आहे. ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात ते शहर जमीनदोस्त झाले, त्यात त्यांचे चर्चही कोसळले. परंतु अंताक्या हे पर्यटक जहाजांचे बंदर नव्हे. इस्तंबूलच्या आया सोफियात मात्र जहाजाचे लोक हमखास जातात. सन ५३७ चे चर्च, १४५३ पासून मशीद, १९३४ च्या निर्णयाने संग्रहालय, जुलै २०२० पासून पुन्हा मशीद. जानेवारी २०२४ पासून परदेशी पाहुण्यांना २५ युरोचे तिकीट काढून वरच्या सज्जातून खाली पाहावे लागते. जगातील सर्वांत समृद्ध देशांचे नागरिक आपल्याच सर्वांत मोठ्या प्राचीन मंदिरात तिकीट काढून, सज्जातून डोकावून, छायाचित्र घेऊन परततात. या दृश्यावर आम्ही अधिक भाष्य करीत नाही.

आपल्याकडे हे दृश्य कसे दिसते, याचा विचार मनात आल्याखेरीज राहत नाही. आषाढात वारी निघते तेव्हा तिला रस्ता लागतो, त्याहून अधिक सासवड, लोणंद, फलटण लागते. भाकरी थापून वाट पाहणारी घरे लागतात. वारकऱ्याच्या पाठीवर स्वयंपाकघर नसते, म्हणून वाटेवरचे प्रत्येक गाव त्याला माहीत असते आणि वाटेवरच्या प्रत्येक गावाला तो. बलुचिस्तानातील हिंगलाजमातेचे ठाण आजही जागते राहिले आहे ते सिंधमध्ये उरलेल्या हिंदूंमुळे. दरवर्षी हजारोंच्या संख्येने ते त्या वाळवंटातून जातात, एकमेकांसाठी चुली पेटवितात. नीलम खोऱ्यातील शारदापीठाच्या भोवती असे कोणी उरले नाही आणि ते पीठ भिंतींपुरते उरले आहे. दोन्ही स्थाने पाकिस्तानच्या ताब्यातील भूमीत आहेत. फरक भिंतींच्या मजबुतीचा नाही.

भूमध्य समुद्रावरच्या त्या मार्गावरही जेथे यजमान आहेत तेथे चित्र निराळे दिसते. पात्म बेटावर १०८८ मध्ये स्थापन झालेला मठ आजही नांदता आहे. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी मठाधिपती चौकात बारा भिक्षूंचे पाय धुतात आणि सारे बेट ते पाहायला लोटते. माल्टात १० फेब्रुवारीला, जहाज फुटले त्याच्या स्मरणार्थ, सार्वजनिक सुट्टी असते आणि वालेत्ताच्या गल्ल्यांतून पौलाची लाकडी मूर्ती खांद्यावरून मिरवते. पालख्यांची सवय असलेल्या मराठी माणसाला तेथे परके वाटणार नाही. इझमिरमध्येही संत पॉलिकार्पच्या नावाचे कॅथलिक चर्च आहे. मूठभर माणसे असतात, पण उपासना होते. सात मंडळ्यांपैकी ज्या दोघींना त्या निरोपात एकही दूषण दिलेले नाही, त्यांतील एक स्मुर्णा. कुशादासीहून इझमिर सुमारे शंभर किलोमीटर आहे आणि जहाज सायंकाळी सुटते.

इफिसच्या अवशेषांपासून आठ-नऊ किलोमीटरवर टेकडीत शिरिंजे नावाचे गाव आहे. पूर्वी ते पूर्णपणे ग्रीक ख्रिस्ती होते आणि आपण मूळच्या इफिसकरांचे वंशज, असे ते लोक सांगत. १९२२ नंतर ते गेले. त्यांतील कित्येकांनी ग्रीसमध्ये कातेरिनी शहराजवळ नवे गाव वसविले, त्याचे नाव नेआ एफेसोस. रिकाम्या शिरिंजेत जी मुसलमान कुटुंबे आणून वसविली, ती होती कावाला परिसरातील. कावाला म्हणजे प्राचीन नेआपली, जेथे पौलाने युरोपच्या भूमीवर पहिले पाऊल ठेवले ते बंदर. पौल ज्या किनाऱ्यावर उतरला तेथले लोक इफिसच्या डोंगरावर आले आणि इफिसचे लोक समुद्रापलीकडे गेले.

आता त्या दोन्ही बाजूंची नातवंडे-पतवंडे आजोबांचे गाव पाहायला येतात-जातात. त्यांच्याजवळ धर्मोपदेशक नसतो, कार्यक्रमपत्रिका नसते, असते ती आजीने सांगितलेली खूण: विहिरीपासून तिसरे घर, दारापुढे अंजिराचे झाड. ते दार वाजवितात. आत राहणाऱ्याचा आजोबाही कुठल्यातरी दुसऱ्या घराचे दार लावून आलेला असतो. खुर्ची पुढे केली जाते, कॉफी येते आणि दोघांनाही न येणाऱ्या भाषांत घराच्या भिंतींविषयी बोलणे सुरू होते.